माझ्या वाटणीची अढी

माय, परवा प्रयोगशाळेत आम्हाला हवं ते दिसलं आणि माझा हात आपोआप फोनकडे गेला. तू जाऊन किती वर्षं झाली, हे त्या हाताला कोण सांगणार? नंबर तर अजून तुझ्याच नावानं आहे. मग म्हटलं, लिहावं तरी.

आपल्या धारूरच्या डोंगरातली सीताफळं तू डोळे उघडलेली बघूनच तोडायचीस आणि चुलीमागच्या कोपऱ्यात गवतावर त्यांची अढी लावायचीस. बाजाराच्या दिवशी ती पिकलेली हवीत, आधी नाही की नंतर नाही. मी तिसरीत असेन. रोज सकाळी उठले की अढीतलं एक फळ काढायचं, फोडायचं आणि पत्र्याखालच्या फळीवर नेऊन मांडायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं, कारण फोडलेलं फळ पुढं पिकतच नाही, नुसतं काळं पडतं. तू फळीवरची रांग पाहिलीस आणि कडाडलीस, "कावून गं फोडलीस? आता ही कुण्या कामाची न्हाईत!" मी म्हटलं, "गोड कवा होतंय ते बघायचं हाय." उत्तर म्हणून पाठीत असा धपाटा बसला की सीताफळ काय, सगळं जग विसरले. पण पुढच्या हंगामात मोठ्या अढीशेजारी तू एक लहानशी अढी लावलीस. म्हणालीस, "ही तुझी. फोड काय फोडायची ती. मोठीला हात लावलास तर बघ." शेजारची मावशी म्हणाली, "इकायचा माल पोरीला नासायला देतीस व्हय?" तू गवत सारखं करत होतीस, वर न बघताच बोललीस, "नासत न्हाई ती. बघती."

माय, मी अजून तेच करते. आपल्या शरीरातल्या पेशींना प्रथिनांची बारीक दारं असतात. ठरावीक रसायन येऊन टेकलं की ती पापणी लवायच्या आत उघडतात. आमचं हे दार बंद असताना कसं दिसतं ते माहीत होतं, उघडं असतानाही माहीत होतं, पण उघडताना कोणी पाहिलं नव्हतं. आम्ही दारं आणि ते रसायन एकत्र मिसळतो आणि तो थेंब भयंकर थंड द्रवात बुडवतो. पाणी इतक्या झटकन गोठतं की त्याचा बर्फ न होता काच होते आणि दार असेल तसं आत अडकतं. ते पुढे कधीच उघडत नाही. मग दुसरा थेंब घ्यायचा, जरा उशिरा गोठवायचा. मग तिसरा, आणखी उशिरा. इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे लाखो फोटो काढायचे आणि रांग लावायची. आमचे साहेब वैतागून म्हणाले, किती नमुने वाया घालवशील? मावशीला दिलेलं तुझंच उत्तर मी त्यांना इंग्रजीत ऐकवलं. तुझ्या तोंडी जास्त शोभत होतं, पण नमुने मिळाले.

मी फोटो काढते एवढंच तुला ठाऊक होतं, आणि ते तू अख्ख्या बाजारात सांगत फिरलीस. एका बाईनं तर लेकीच्या लग्नाचे फोटो काढायचे किती पैसे घेशील म्हणून मला विचारलं. मला हसू आलं, तुला अजिबात आलं नाही. उलट तू तिला सुनावलंस, "लग्नाचे न्हाई, डोळ्याला दिसत न्हाई त्याचे काढती." तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! परवा पडद्यावर ते अर्धवट उघडलेलं दार दिसलं, जगात पहिल्यांदा, आणि आज मला माझाही वाटतो. तू फोनवर दर वेळी जेवलीस का विचारायच्या आधी विचारायचीस, "गावलं का गं?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, माझ्याच टेबलाच्या खणात राहील. फोन लागला असता तर "माय, गावलं!" म्हणून ओरडले असते. मग तू विचारलं असतंस, "कवा होतंय मग गोड?" आणि मला सांगावं लागलं असतं, माय, ते अजून नाही कळलं.