बाराव्या दिवसापासून तिघांचा स्वयंपाक

१६ नोव्हेंबर, लास पाल्मास

पोचले. इंग्लंडातल्या फाल्मथच्या गारठ्यातून निघाले आणि इथे उतरले तर असं ऊन, की अंगातल्या लोकरीच्या स्वेटरची मलाच लाज वाटली. धक्क्याला दोनेकशे होड्या अटलांटिक ओलांडायला नटून उभ्या आहेत. प्रत्येकीवर एक लालबुंद नवरा कमरेवर हात ठेवून डोलकाठीकडे बघतोय आणि काम बायको करतेय. म्हणजे जग जागच्या जागी आहे.

माझी होडी 'प्रुडन्स'. पंधरा मीटर, पांढरीशुभ्र. मालक लायोनेल ब्रॅथवेट, सहासष्ट वर्षांचे. जन्मभर विमा कंपनीत बसून माणसं कधी मरतील याचं गणित मांडत होते, आता निवृत्त. त्यांची बायको सिसिली, आवाज मधात बुडवून काढलेला. तिसरा टॉर्बेन, डेन्मार्कचा, पन्नाशीचा. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले सहा वाऱ्याबद्दल. चौथी मी. स्वयंपाक करायचा, सुकाण्यावर पाळी द्यायची, बदल्यात प्रवास फुकट आणि पलीकडच्या सेंट लुशिया बेटावरून परतीचं विमान.

बावीस वर्षं शाळेच्या खानावळीत तीनशे कार्ट्यांना जेवू घातलं, त्यातली पंधरा वर्षं घरी नवऱ्यालाही. दोन्हींतून सुटले. आता समुद्र. वडिलांच्या मासेमारी होडीवर वाढले, तेव्हा पाण्याचं मला काही नवल नाही, पण मी खूश आहे. लिहून ठेवते, कारण असं माझं फारसं होत नाही.

१८ नोव्हेंबर

लायोनेलच्या निळ्या फायलीपुढे बायबलनेही उठून उभं राहावं. प्रत्येक पान प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं. पाणी माणशी किती, लिंबं माणशी किती, कोण कितीला झोपणार, कोण कितीला उठणार. धक्क्यावरचे बाकीचे लोक केळी होडीवर घेत नाहीत, अपशकुन म्हणून. लायोनेल त्यांना हसतात. समुद्रावर नशीब नसतं, सरासरी असते, म्हणाले.

आज त्यांनी मला एक अर्ज भरायला दिला. रक्तगट, औषधं, चष्मा. शेवटचा प्रश्न: काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवायचं? मी लिहिलं, 'कोणालाही नको, सगळ्यांना उगाच आनंद होईल.' टॅम्सिनचं नाव लिहिता आलं असतं. सख्खी बहीण आहे. पण आईच्या घड्याळावरून सहा वर्षं आमचं बोलणं बंद आहे.

लायोनेल हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

२० नोव्हेंबर

खरेदी. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच फेकून द्यायची, त्यांत झुरळांची अंडी असतात. भाजी धुऊन, पुसून, एकेक करून जाळ्यांत. साडेतीनशे अंडी मी एकटीने लावली. सिसिली वरून बघत होती. मला अशी गोड मदत खानावळीत मुख्याध्यापिकाबाईंकडून मिळायची.

फायलीत एक चूक सापडली. जेवणाच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून अकराव्यापर्यंत 'चौघांचा स्वयंपाक', आणि बाराव्यापासून शेवटपर्यंत 'तिघांचा'. मी लायोनेलना दाखवलं. म्हटलं, कप्तानसाहेब, अकरा दिवसांनी उपास कोणाचा? ते म्हणाले, तोवर भूक कमी होते, अनुभवाचा आकडा आहे.

भूक कमी होते! हे ज्याने कधी कांदा चिरला नाही त्याने मला सांगायचं. मी शेवटपर्यंत चौघांचं घेतलं आणि जास्तीचे डबे माझ्या बिछान्याखाली ठेवले. माझ्या हाताखाली कोणी अर्धपोटी उठलेलं नाही, आणि आता उठणार नाही.

२२ नोव्हेंबर

लायोनेल बंदराच्या कचेरीत कागद करून आले. येताना माझं पारपत्र परत दिलं. बाकीची तीन त्यांच्याकडेच. यादीत मला घातलं का, विचारलं. म्हणाले, स्वयंपाकाचं माणूस मोजत नाहीत. म्हणजे अन्न शिजवणारी ती माणसात नाही, आणि डोलकाठीकडे बघत उभा राहणारा तो खलाशी. राग गिळला आणि त्यांच्या सुपात मीठ कमी घातलं.

२३ नोव्हेंबर. पहिला दिवस

निघालो. भोंगे, रुमाल, टाळ्या. बेट मागे बुडालं.

२८ नोव्हेंबर. सहावा दिवस

व्यापारी वारा पाठीवर आहे. दोन्ही शिडं पंखांसारखी उघडी आणि होडी रात्रंदिवस अशी डोलते, की चुलीपाशी उभं राहायचं तर स्वयंपाक्याचा पट्टा लागतो. कमरेमागून घ्यायचा, दोन्ही टोकं चुलीच्या दोन बाजूंच्या कड्यांत अडकवायची, मग होडी उलटीपालटी झाली तरी बाई जागची हलत नाही. सिसिलीने विचारलं, हा कसला पट्टा? सोळा वर्षं तिची होडी, आणि तिला हे माहीत नाही.

सकाळी डेकवर सात उडते मासे सापडले. तळले. टॉर्बेनने चार खाल्ले आणि 'छान' म्हणाला. त्याचा आजचा अकरावा शब्द.

१ डिसेंबर. नववा दिवस

दुपारी बाराला काहीतरी झालं. काय ते नीट लिहिते.

सुकाण्यावर मी होते. वारा वीस नॉट. शिडं गच्च फुगलेली, दोर ताणलेले. आणि होडी थांबली. वेग दाखवणारा काटा शून्यावर. मागची फेसाची वाट मिटली. भोवतीचं पाणी सपाट, तेलासारखं, आणि होडीचं नाक हळूहळू खाली गेलं, गोठ्यातली गाय गव्हाणीत मान घालते तसं.

एक मिनिट. मग होडी पुन्हा चालू लागली, काही झालंच नाही अशी.

मी ओरडले. टॉर्बेन पलीकडे दोर गुंडाळत होता, त्याने मान वर केली नाही. लायोनेल वर आले, घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली गेले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, प्रवाहाचा परिणाम. हा मला प्रवाह शिकवतोय. माझ्या बापाने पन्नास वर्षं जाळी टाकली.

२ डिसेंबर. दहावा दिवस

पुन्हा बाराला. पाच मिनिटं. नाक कालच्यापेक्षा खाली. पाणी डेकवर चढत नाही, नुसतं काठाशी थांबतं. वाट बघितल्यासारखं.

जेवायला सिसिलीने थाळ्या मांडल्या. कधी मांडत नाही, आज मांडल्या. तीन. मग म्हणाली, अय्या, विसरलेच, आणि चौथी काढली. विसरली नव्हती. हात मोजून थांबला होता, मी बघितलं.

३ डिसेंबर. अकरावा दिवस

पंधरा मिनिटं.

ते तिघे वर असताना मी निळी फाइल काढली. तळाशी मागच्या वर्षांची पानं आहेत. आठ प्रवास. प्रत्येकात अकरा दिवस चौघांचं आणि बाराव्यापासून तिघांचं. प्रत्येक पानाला एक अर्ज जोडलेला. आठ वेगवेगळी अक्षरं. शेवटच्या प्रश्नापुढे कोणी 'नाही' लिहिलंय, कोणी रेघ मारलीय, कोणी काहीच नाही. आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण.

मग पारपत्र बघितलं. बाहेर पडल्याचा शिक्का नाही. कागदावर मी अजून लास पाल्मासमध्येच आहे.

मी टॉर्बेनला सुकाण्यावर गाठलं. त्याने नाकारलं नाही. होडी निवडत नाही, म्हणाला. निवड लायोनेल करतात, होडी फक्त घेते. बाराव्या दिवशी बाराला चौथ्याला पुढच्या टोकावर पाठवायचं, बास. बाकीचा प्रवास मग लोण्यातून सुरी जावी तसा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मेल्या, हे माहीत असून तू दरवर्षी येतोस?

"तो मला तिसरा ठेवतो," टॉर्बेन म्हणाला. "मी नाही आलो तर मी पुढल्या वर्षी कुठल्या तरी होडीवर चौथा असेन."

त्याला भीती वाटते हे मला समजतं. मी माझे मासे त्याला खाऊ घातले हे मला समजत नाही.

मग लायोनेल. मी फाइल त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी आधी तिची कडा टेबलाला समांतर केली.

"हा नववा प्रवास, मोर्वेना. आजवर एक शीड फाटलं नाही, एक माणूस आजारी पडलं नाही. प्रत्येक प्रवासाला काहीतरी लागतंच. बाकीचे लोक ते नशिबावर सोडतात, मी आधी मांडून ठेवतो. यात तुमच्यावर वैयक्तिक राग नाही."

"राग नाही हेच तर," मी म्हटलं. "तुम्ही मला डाळीच्या डब्यांच्या हिशेबात धरलंत."

त्यांनी मला आवाज कमी करायला सांगितलं. सिसिली झोपली होती.

झोपली नव्हती. संध्याकाळी आली. उद्याचं जेवण जरा लवकर होईल का, बाराला गडबड असते. आणि तुमचं तरंगायचं जाकीट आणि कमरेला बांधायचा दोर धुवायला घेतलाय हं, किती खारट झाला होता.

उपग्रहाचा फोन त्यांच्या खोलीत. खोलीला कुलूप.

४ डिसेंबर

सकाळी ९ — झोपले नाही. माझ्या अर्जावरची ती विनोदी ओळ शाईने खोडली. खाली लिहिलं, टॅम्सिन ट्रेगिअर, पेनरिन, धाकटी बहीण. तिला कळवा. घड्याळ तिलाच ठेवू दे. उपयोग काही नाही, कळवणार कोण — पण कोणी नाही असं लेखी राहायला नको. बाकीच्या आठांचं राहिलं.

१० — टॉर्बेनला शेवटचं विचारलं. दोघं मिळून म्हाताऱ्याला बांधू, होडी वळवू. वाऱ्याविरुद्ध वळता येत नाही, म्हणाला. खरं आहे. पण त्याने ते आधी म्हटलं आणि बांधायचा विचार नंतर केला. केलाच नाही.

११.१५ — लायोनेल दारात. पुढच्या टोकावर शिडाची काठी सैल झालीय, बाराला जरा बघता का? अगदी सभ्यपणे. दोर नाही, म्हटलं. म्हणाले, दोन मिनिटांचं काम.

११.४० — पट्टा. हा त्यांना आठवलाच नाही. चुलीचा पट्टा, कधी कोणी स्वयंपाक केला असता तर आठवला असता. कमरेला घेतला, दोन्ही कड्यांत अडकवला, गाठी मारल्या, वरून दोर. चाकू सगळे खिडकीतून पाण्यात. मोठं भांडं चुलीवर. सूप. चौघांचं. फायलीला विचारून नाही.

१२.०० — थांबली.

१२.०६ — नाक खाली. चुलीवर सूप तिरकं. माझे पाय घसरतात, पट्टा धरतो. वर लायोनेल हाका मारताहेत. पहिल्यांदा नुसतं मोर्वेना. मग — आवाज चढला. या माणसाला आवाज आहे.

१२.११ — पंधरा मिनिटांच्या पुढचं त्यांच्या फायलीत काही नाही. विचारताहेत टॉर्बेनला, किती वेळ थांबेल. पाणी खिडकीच्या काठाशी. आत येत नाही. बघतं.

१२.१६ — वर पळापळ. कोणीतरी कोणाला तरी पुढे चल म्हणतंय — कोण कोणाला — लायोनेल म्हणताहेत, टॉर्बेन, असं ठरलं नव्हतं —

१२.१८ — काही नाही. होडी उभीच. सूप उकळतंय. येऊ दे कोण येतंय ते. भांड्याचा कान धरलाय डाव्या हाताने, उजव्याने लिहिते —

१२.१९ — सिसिली. पायऱ्यांवर. केस नीट. हातात माझीच मासे कापायची कात्री, ती मी विसरले — आवाज तसाच गोड. म्हणते, मोर्वेना, जरा सरकता का हं, तो पट्टा धुवायला —