वासानेच झिंगणारं एन्झाइम

३ जानेवारी, सोमवार
संकल्प: मार्चअखेर थीसिस सबमिट. सात वर्षं झाली, आता बास. काम तसं सोपं आहे. अल्कोहोल मज्जापेशीच्या पातळ पडद्यात शिरतं, पडदा सैल पडतो, आणि त्यात बसून सोडियम बाहेर फेकणारं एन्झाइम सुस्तावतं. मला हे पक्कं माहीत आहे. फक्त रीडिंग्जना अजून पटलेलं नाही.
लॅबमध्ये एक नवी मुलगी आली. आवाज बारीक, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्यांची 'चिमणी' झाली. मला दादा म्हणाली. सिनियॉरिटीची जाण आहे.

५ जानेवारी
सरांनी फ्रीजमधला माझा अर्धा कप्पा चिमणीला दिला. मला न विचारता! माझं मन मोठं आहे. मात्र उंदराच्या मेंदूतून चार दिवस खपून काढलेले माझे पडदे ट्यूबांसकट टेबलाच्या ड्रॉवरमध्ये हलवले. बर्फात ठेवायला सांगतात, पण बर्फाला कुलूप लावता येत नाही.

७ जानेवारी
ठरवलं: तिच्याकडे लक्षच द्यायचं नाही.
९.४० आली. ९.४५ अ‍ॅप्रन. ११.१० हसली. कशाला? १.३० डबा, सरही तिथेच उभे. ४.०५ परत हसली.
स्वतःच्या कामाला आज वेळ मिळाला नाही.

१३ जानेवारी
चिमणीचा पहिला ग्राफ. मिथेनॉलपासून हेक्झेनॉलपर्यंत सहा अल्कोहोलं. कार्बनची साखळी जितकी लांब, तितक्या कमी डोसात एन्झाइम गप्प. बिंदू कसे, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे. सर तो कागद खिडकीशी धरून बघत राहिले. माझे ग्राफ ते चहा पिता पिता बघतात. मी म्हटलं, इतकी सरळ रेषा निसर्गात नसते. सर म्हणाले, तुझी वाकडी तरी कुठे आहे? सगळे हसले. ती नाही हसली. ते जास्त लागलं.

१७ जानेवारी
अखेर! इथेनॉल घातलं, एन्झाइम पूर्ण बंद. मग बिनअल्कोहोलची ट्यूब पाहिली. तिथेही शून्य. दुसरा कुणी खचला असता. मी विचार केला. चिमणी दिवसभर शेजारी बाटल्या उघडते. म्हणजे नुसत्या वासानेच एन्झाइम झिंगतं! हे आजवर कुणाच्याही लक्षात आलेलं नाही.
घरी बायकोला सांगितलं. इस्त्री थांबवून तिनं विचारलं, मग त्याच खोलीत चिमणीचं एन्झाइम शुद्धीवर कसं? बायकोचा विषय कॉमर्स. वाद घातला नाही. मग म्हणाली, हल्ली तुझ्या तोंडी चिमणीशिवाय दुसरं काही नसतं. छे!

२० जानेवारी
परवा मीटिंगमध्ये शोध जाहीर. तोवर गुपित. चिमणी येऊन म्हणाली, दादा, माझे ताजे पडदे उरलेत, हवेत का? म्हणजे माझ्या शोधाला हिचा हातभार! नम्रपणे नकार दिला. ती गेल्यावर तिच्या सगळ्या बाटल्यांची बुचं घट्ट केली.

२२ जानेवारी, शनिवार
वीस मिनिटं बोललो. मग चिमणीनं हात वर केला. दादा, पडदे कुठे ठेवता? सांगितलं, ड्रॉवरमध्ये, कुलपात. कधीपासून? पाच तारखेपासून. सरांनी चष्मा काढून डोळे मिटले. कुणीतरी खोकलं. चिमणी घाईघाईनं म्हणाली, एमएस्सीला माझेही असेच नासले होते. धडधडीत खोटं. मला सावरायला. सात वर्षांत कुणाचा इतका राग आला नव्हता.

२४ जानेवारी
नवा नियम. रोज संध्याकाळी माझी वही दुसऱ्या कुणीतरी तपासून सही करायची. सरांनी कुणाचं नाव घेतलं, ते लिहीत नाही.
तिचे पडदे घेतले. बर्फात ठेवले. सहा बिंदू, पाच रेषेवर. पाच! कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. सर निघून गेलेले. लॅबमध्ये तीच होती, तिला दाखवलं. ती माझ्यापेक्षा खूश झाली. मग वही ओढून घेत म्हणाली, दादा, सही कुठे करू?
जागा दाखवली.
अक्षर सुंदर आहे तिचं. तेसुद्धा.