लाल दोऱ्याची लोंबी

१ ऑक्टोबर १९३८, बेळगाव

यंदा जिंकले! तिसऱ्या वर्षाचं भात दृष्ट लागावी असं उभं आहे. दोन खाचरं, मधे एकच बांध. एकात मी निवडत आणलेलं बी, दुसऱ्यात गावचं नेहमीचं. माझं पंधरा दिवस आधी पिकतं हे दाखवलं की प्रबंध झालाच. मोजायच्या लोंब्यांना दोरे बांधलेत — माझ्या बियाला लाल, गावच्याला पांढरा.

पुण्याचे सर मार्चात निवृत्त होताहेत. "तीनही वर्षांचे आकडे हवेत. दोन वर्षांवर मी सही करणार नाही!" थोरल्या भावाचं, अण्णाचं, वेगळंच — "वासंती, ही शेवटची रजा. शाळा तुझ्यासाठी किती थांबेल?" थांबायची गरजच काय? लोंब्या कापायच्या, दाणे मोजायचे, लिहून टाकायचं. मला तरी काही अवघड दिसत नाही.

३ ऑक्टोबर

पाऊस. मोटार बंद. नुसती चिडचिड! आई विचारते, डॉक्टर झालीस की माझे गुडघे बघशील ना? हो म्हटलं.

६ ऑक्टोबर, जांबोटीपलीकडची वाडी

मेले!

चिखल तुडवत खाचरावर पोचले, तर लाल दोऱ्याची एकही लोंबी जागेवर नाही. दांडे उभे, वरचं सगळं नीट खुडून नेलेलं. पांढऱ्याचं तर विचारूच नये — कुंपणाच्या वाटेवरची कामट्यांची झापड उघडी, म्हशींनी खाचर लोळवून खाल्लेलं.

खाचरं मष्णूची. त्याला मारलेली हाक जांबोटीपर्यंत गेली असेल. तो आला — हसत! "मास्तरीणबाई, यंदा लई मान मिळाला बघा तुमास्नी! अख्ख्या शिवारात तुमचंच भात पयलं पिकलं. काल गावानं नवं तिथनंच काढलं."

नवं म्हणजे काय, ते मला आज कळलं. पहिल्या पिकलेल्या भाताच्या लोंब्या सगळ्यांनी मिळून आणायच्या, देवापुढे ठेवायच्या आणि घरोघरी दारावर बांधायच्या. त्या गर्दीत झापड लावायची राहिली. मागची दोन वर्षं माझं भात रानाच्या कडेला होतं, कुणाच्या नजरेत आलं नाही. यंदा वाटेलगतची खाचरं घेतली — माझ्या सोयीसाठी! गुरं सोडू नको, पाखरं राख, सगळं मष्णूला बजावलं होतं. देवाचं विचारायचं सुचलंच नाही. तीन वर्षं येते इथे. भात पाहिलं, माणसं पाहिलीच नाहीत.

बांधावर बसून मनसोक्त रडले. मष्णूची बायको जयाबाई पेज घेऊन आली. "रडताय कशापायी? चांगलंच झालं न्हवं!" तिला काय सांगणार? पेज मात्र सगळी प्यायले. भूक लागली होती.

७ ऑक्टोबर

सकाळी जयाबाईच्या दारातून वाकून बाहेर पडताना डोक्याला काहीतरी घासलं. वर बघते तो — लाल दोरा! झेंडू, आंब्याची पानं, आणि मधे माझी लोंबी. दोरा कुणी सोडलेलाच नाही!

लोंबी वर्षभर दारावर राहते, पुढच्या नव्यालाच उतरते. म्हणजे माझं पीक हरवलेलं नाही, टांगलेलं आहे. उतरवून द्या म्हणायची सोय नाही. म्हणणारही नाही. जयाबाईचा पाट काखोटीला मारला आणि दारोदार फिरले. प्रत्येक दारात पाटावर उभी राहून दाणे मोजले. बायका हसून हसून लोळल्या. हसोत बापड्या! एकीने तर गूळपाणी देऊन वर "आनि एकडाव मोजा की" म्हटलं. मोजले. दोन्ही वेळा आकडा तोच आला, म्हणून मीही हसले.

टोकाचं शालूबाईचं दार तेवढं राहिलं. "तिथं काय न्हाय," असं सगळ्या म्हणाल्या.

दारावरचं, देवापुढचं, लाल सगळं सापडलं. पण माझं आधी पिकलं — कशाच्या आधी? पांढरी लोंबी कुठेच नाही, आणि तिच्याशिवाय सर ढुंकूनही बघणार नाहीत.

८ ऑक्टोबर

जयाबाईला विचारलं — पांढऱ्या दोऱ्याची कुणीच नेली नाही का गं?

"पांढरा दोरा दारावर बांधत्यात व्हय? सवाशिणीच्या घराला त्यो—"

तिची नजर माझ्या कपाळावर आली. नऊ वर्षं झाली त्या कपाळाला कुंकू नाही. मी कामात विसरून जाते. लोक विसरत नाहीत. वाईट वाटलं. फार वाटलं.

मग एकदम डोक्यात आलं आणि तशीच उठले. शालूबाई! तीही माझ्यासारखीच, आणि एकटी.

तिच्या दारावर लोंबी नव्हती — अख्खं तोरण होतं. सगळे दोरे पांढरे! "मला लाल कोन देतंय, बाई? पांढरं कुनालाच नको हुतं. मग त्याच वक्ताला म्या वंजळभर खुडलं. माझंबी दारच हाय न्हवं!"

दाणे दाबून पाहिले. हिरवे, पोचट, नुकतं कुठे दूध भरायला लागलेलं. त्याच दिवशी, त्याच बांधाच्या पलीकडे खुडलेले! माझं पिकलेलं, गावचं कच्चं. सरांना आता सही करावीच लागेल. मी शालूबाईला मिठीच मारली. ती घाबरली, मग म्हणाली, "काय सोनं घावलं व्हय?"

व्हय, म्हटलं.

९ ऑक्टोबर

निघताना जयाबाईने देवापुढची एक लाल लोंबी माझ्या पदरात घातली.

१० ऑक्टोबर, बेळगाव

आमच्या घराच्या पुढच्या दारावर लोंबी बांधायला गेले. हात पुरेना. वहिनी दचकल्या — "वन्सं, तुम्ही? दारावर?" मी पिकवलीय, म्हटलं. मग आई गुडघे धरत आत गेली आणि पाट घेऊन आली.