दिवस मावळायच्या आत

बाई, आज धुळ्याच्या माझ्या प्रयोगशाळेत एका मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही चेतापेशींकडे कशा वळलात? मी काहीतरी मोघम सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर तुम्हालाच सांगायला हवं.

जळगावातलं आमचं घर डाळीच्या जैन व्यापाऱ्यांचं, मुंगीलाही वाट करून देणारं. प्राणिशास्त्र म्हणजे बेडूक चिरणं, एवढंच आजोबांना ठाऊक. त्यांनी माझं कॉलेज बंद करायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही अमळनेरहून एसटीने आलात. मला कॉलेजात शिकवणाऱ्या, शेतात मजुरी करत शिकलेल्या, म्हाताऱ्या सरड्याच्या मेंदूतल्या पेशीलाही नवी फांदी फुटते हे सगळ्यांच्या आधी दाखवणाऱ्या तुम्ही. मोठ्या शहरांतल्या विद्वानांनी आधी ते हसण्यावारी नेलं आणि मग निमूटपणे तेच शिकवायला लागले. मला वाटलं, आता बाई आजोबांना विज्ञान ऐकवणार आणि सगळं मुसळ केरात जाणार. पण तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसता, आईने दिलेलं ताक पिता आणि आजोबांशी चक्क अहिराणीत बोलता, दुकानातलं गिऱ्हाईक बोलतं तसं.

"नाना, हाई पोर मन्हाकडे शिकी. तिन्हासाठी मी एक बी जीव मारसू नही."

आजोबा म्हणाले, "शब्द दिलात बाई. आता पोर तुमची."

तो शब्द तुम्ही पाळलात. कोणाला हात लावू देत नव्हतात त्या, आयुष्यभर रंगवून जपलेल्या, पेशींच्या काचपट्ट्या माझ्यापुढे ठेवल्यात आणि त्यांच्यावरच मला घडवलंत. वर आमचे घरचे नियमही सांभाळलेत. खिडकीतलं ऊन उतरायला लागलं की तुम्ही येऊन माझ्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करायच्या. मी कुरकुरले की म्हणायच्या, "पेशी मेलेलीच आहे, कुठे पळून जात नाही. दिवस मावळायच्या आत जेवून घे." आणि स्वतःला असलं काही बंधन नसताना माझ्याबरोबर व्हरांड्यात डबा खायला बसायच्या. तेव्हा मला तुमचा राग यायचा. आता आठवलं की डोळे भरून येतात. बाई, मला तुम्ही शास्त्र दिलंत आणि माझं घरही तुटू दिलं नाहीत. याहून जास्त कोणी कोणाला काय देतं?

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? ठेवून देते टेबलाच्या खणात. आजोबांना दिलेला तुमचा शब्द मी आजही पाळते, माझ्या कामासाठी एकही जीव गेलेला नाही. दुसरं मात्र जमलेलं नाही, रागावू नका. बाहेर केव्हाच अंधार पडलाय, डबा तसाच बंद आहे, आणि माझा दिवा बंद करायला आता कोणी येत नाही.