सासूबाईंच्या गल्लीतले लेयर

३ मार्च
ऐतिहासिक दिवस. आमच्या पाणीपुरवठा खात्याने फील्डवर न्यायला टॅबलेट घेतला आणि साहेबांनी तो माझ्या हवाली केला. आत सगळ्या शहराचा नकाशा. त्यावर एकावर एक लेयर: रस्ते, घरं, गटारं, विजेच्या केबली, पाण्याच्या लाइनी. हवा तो बोटाने चालू, नको तो बंद. साहेब म्हणाले, तूर्त तुम्हीच सांभाळा, बाकी सगळे कामात आहेत. यालाच विश्वास म्हणतात.
संकल्प: यापुढे कागदी नकाशाला हात लावायचा नाही.

४ मार्च
हिला सांगितलं, जमिनीखालचं सगळं शहर आता माझ्या बोटावर नाचतं. ही म्हणाली, मग आईच्या नळाला गढूळ पाणी का येतं ते बघा आधी, कधीची सांगतेय. हिला तंत्रज्ञानाचा आवाका कळत नाही. तरी पहिला मान सासूबाईंच्या गल्लीला द्यायचं ठरवलं. माझा स्वभावच मोठा.

६ मार्च
फिटरला घेऊन गल्लीत गेलो. सगळे लेयर एकदम चालू केले. स्क्रीनवर मांजराने खेळून टाकलेली लोकर. फिटर म्हणाला, यातली आपली लाइन कुठली? म्हटलं, सगळ्या आपल्याच. तेवढ्यात नेट गेलं. नकाशा गायब. पांढऱ्या पडद्यावर एकच निळा ठिपका. ठिपका म्हणजे मी. तेवढं मात्र अचूक होतं.
नकाशा ऑफिसातूनच डाउनलोड करून न्यायचा असतो म्हणे. मदतीच्या पानावर तसं लिहिलंय. पण ती पानं ज्यांना मदत लागते त्यांच्यासाठी.

७ मार्च
डाउनलोड करून नेला. उन्हात स्क्रीनवर फक्त माझं तोंड दिसतं. चूक उन्हाची. सासूबाईंकडून चादर मागून डोक्यावरून घेतली. आता उत्तम दिसतं. शेजारीण सासूबाईंना विचारत होती, जावयांना वाफारा देताय का? दुर्लक्ष केलं.

१० मार्च
गुंता सुटला! नको ते लेयर बंद केले. गटारं बंद. केबली बंद. पाण्याच्या लाइनी निळ्या, माझा ठिपकाही निळा, त्यांच्यात तो हरवत होता. म्हणून लाइनीही बंद. आता कसं स्वच्छ! रस्ते, घरं आणि मी. साहेबांना लांबून दाखवला. खूश. म्हणाले, गढूळ पाणी म्हणजे लाइनीला कुठेतरी गळती, परवा खणायला मी स्वतः येतो.
संकल्प: परवा निघण्याआधी लाइनी चालू करायच्या.

१२ मार्च, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. ही म्हणाली, अहो, एकदा तपासून तरी न्या. म्हटलं, मी काय शिकाऊ आहे?

१२ मार्च, संध्याकाळ
शर्ट वाळतोय.
कोण काय बोलेल सांगता येत नाही, म्हणून घडलं तसं लिहून ठेवतो. आधी लाइनीपासून लांब, मोकळ्या जागी मशीनने खणायचं, मग हाताने उकरत लाइनीपर्यंत पोचायचं, अशी पद्धत. चादरीखालून बघितलं. सासूबाईंच्या फाटकासमोर नकाशा कोरा. फिटरने मला दोनदा विचारलं, इथे खाली काही नाही ना? साहेबांदेखत माणसाने कचरू नये. ठणकावून सांगितलं, काही नाही, खण!
मोठी लाइन होती. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत उडालं. साहेबांचा चष्मा वाहून गेला. सासूबाई खिडकीतून ओरडत होत्या, "जावईबापू, पुरे! एवढं नको होतं!"
नकाशाची चूक नाही. तसं बघितलं तर माझीही नाही. लाइन होती तिथेच होती, फक्त बंद होती.

१३ मार्च
अर्ध्या शहराला पाणी नाही. त्या अर्ध्यात आम्हीही. ही सासूबाईंना घेऊन बहिणीकडे निघाली, तिकडे पाणी आहे. म्हटलं, मीही येतो. ही म्हणाली, तुम्ही राहा, तुमचं काम आहे. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर समजूत घालता आली असती.

१५ मार्च
टॅबलेट परत घेतला. मात्र साहेबांनी ताबडतोब नवी जबाबदारी दिली, तीही फील्डवर! खड्डा अजून नकाशावर चढवलेला नाही, तोवर लोकांना कळावा म्हणून तिथे लाल फडकं घेऊन उभं राहायचं. म्हणजे तूर्त मीच लेयर.

१६ मार्च
उभा होतो. एका सायकलवाल्याने स्टेशनचा रस्ता विचारला. खात्रीने दाखवला. थोड्या वेळाने तो दुसऱ्या टोकाकडून परत खड्ड्यापाशी आला. या वेळी मला काही विचारलं नाही.
दुपारी ही आली, आईच्या घरातले कपडे न्यायला. मी हाक मारली नाही, ड्यूटीवर होतो. हिने मान वर केली, लाल फडकं बघितलं आणि लांबून वळसा घालून गेली.
म्हणजे फडकं नीट दिसतंय.