हा हात माझा

ताई,

कारखान्यातल्या बायकांच्या ग्रुपवर फिरतोय तो कामावर इस्त्रीने भाजलेला हात तुझा आहे. फोटो मीच काढला आणि तुला न विचारता टाकला. तुझा फोन साधा, तुला पत्ताच नाही. दोन दिवसांत सगळ्यांनी तोच डीपी ठेवला, खाली लिहिलं, "हा हात माझा." साहेब कामावरून काढायला तो हात शोधतायत म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी मनगटावर पेनाने तसाच डाग काढला. काय हसलो होतो.

आज सुपरवायझर फाटकावर ओलं फडकं घेऊन उभा होता. सगळ्यांचे डाग पुसले गेले.

उद्या तुझी रजा संपते. तू आत गणवेशाला इस्त्री करतेयस, आणि मी ही चिठ्ठी तुझ्या डब्याखाली ठेवतेय, परत उचलतेय.

तुझी,
धाकटी