चौथ्या गाण्यात बाबा नाहीत

प्रिय काका,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडलं तर कागद खराब दिसेल, म्हणून राहू देते. त्याचा याहून जास्त अर्थ काढू नका.

तुम्ही पाठवलेली सीडी सोमवारी पोचली. चिठ्ठीही पोचली. ‘एकतीस वर्षांनी आपल्या ब्लूज बँडचा पहिला अल्बम, तोही लोकांसमोर वाजवलेला, जसाच्या तसा. बाबांनी काय वाजवलंय बघ.’ ‘जसाच्या तसा’खाली तुम्ही रेघसुद्धा मारली आहे. आईने भांडी तशीच टाकली, हात पुसले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ऐकायला बसली. पहिल्या तीन गाण्यांना ती मान हलवत होती. चौथ्यात हार्मोनिका सुरू झाली आणि तिची मान थांबली. म्हणाली, “हे ते नाहीत.” मी म्हटलं, अगं, बाबाच आहेत, आणखी कोण असणार? तर म्हणाली, “इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय मी. प्रत्येक ओळीआधी ते नाकाने श्वास ओढायचे, फाटक्या भात्यासारखा आवाज यायचा. हा माणूस श्वासच घेत नाही.” आणि उठून भांडी घासायला लागली. गाणं संपेपर्यंत तिने एकच पातेलं घासलं.

मी तुम्हाला लगेच फोन केला. “आवाज जरा साफ केलाय, बाकी काही नाही,” असं तुम्ही म्हणालात. किती सहज म्हणालात. कवळ्या करण्यात आयुष्य गेलं तुमचं. जिथला दात पडला तिथे नवा बसवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, आता हसून दाखवा. पण माझे वडील म्हणजे कुणाचा पडलेला दात नव्हे.

तुम्ही आमच्या घरी काय होतात हे तुम्हाला कधी कोणी सांगितलं नसेल. बाबा दिवसभर वेल्डिंगच्या धुरात उभे राहायचे, घरी येऊन आंघोळ करायचे आणि हार्मोनिका खिशात टाकून तुमच्याकडे पळायचे. माझ्या शाळेच्या नाटकाला ते आले नाहीत, कारण तुमची तालीम होती. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात त्यांना तुमचा फोन आला, ड्रमवाले जाड्याकाका येणार नाहीत तर कार्यक्रम रद्द करायचा का, म्हणून. आणि इतकं करून तुम्ही अल्बम कधी होऊ दिलात? तीनदा स्टुडिओ ठरला, तीनदा तुम्ही मोडलात. अजून आपण तयार नाही, म्हणे. बाबा हसण्यावारी न्यायचे. म्हणायचे, “त्याचा साचा तयार होईपर्यंत आमचे सगळ्यांचे दात पडतील.” मला हसू यायचं नाही.

मग या वर्षी अचानक तुम्हाला घाई सुटली. बाबांना जिना चढताना दोनदा थांबावं लागत होतं, तेव्हा तुम्ही बस डेपोचं कँटीन ठरवलंत, रविवारची दुपार, दोन तास सलग वाजवायचं. मी तुमच्या दुकानात येऊन भांडले ते आठवत असेल. आजारी माणसाला नाचवताय, असं मी म्हणाले. तुम्ही कवळी घासत राहिलात, वर बघितलं नाहीत. म्हणून मी आले नाही. आईलाही जाऊ दिलं नाही. बाबा दारात बूट घालत होते, मी आतून शिलाई मशीन चालवत राहिले. त्यांनी हाक मारली, ती मला ऐकू आली होती. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ते गेले. कार्यक्रम कसा झाला, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून मी रेकॉर्डिंगवाल्या बाईंकडे गेले, टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. मूळ रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायचं नाही असं तुम्ही त्यांना बजावलंय, हे त्यांनी आधीच सांगितलं. मी बसून राहिले. शेवटी त्यांनी हेडफोन माझ्या कानावर ठेवले आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

काका, मी ते पाच वेळा ऐकलं. बाबा सुरू करतात, दुसऱ्या ओळीपर्यंत ठीक. मग सूर मध्येच तुटतो. खोकला. माइक कशावर तरी आपटतो. गर्दीतून एक बाई म्हणते, “अहो, बसू द्या त्यांना.” जाड्याकाका ठेका सोडत नाहीत. आणि मग तुमची गिटार येते. एरवी तुम्ही अँप्लिफायर एवढा चढवता की पुढच्या रांगेतले लोक कान दाबतात. इथे नाही. बाबांनी जी ओळ अर्धी सोडली होती तिथूनच उचलून तुम्ही ती पुरी केलीत, त्यांच्यासारखी, हलक्या हाताने. गाण्याचा अख्खा एक फेरा वाजवलात. मग दुसरा. मध्येच तुमचा आवाज येतो, माइकपासून लांब, “सावकाश. मी आहे.” आणि तिसऱ्या फेऱ्यात बाबा परत येतात. तीनच सूर, बारीक, जरा वाकडे. त्यावर कँटीनमध्ये जो गलका होतो तो मी शब्दांत लिहू शकत नाही.

बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी काय सांगितलंय हे बाबांनी जानेवारीतच तुमच्या कानावर घातलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही रेकॉर्डिंग ठरवायला या बाईंकडे गेलात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही दोघांनीही आम्हाला सांगितलं नाहीत. याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही, आणि बाबांवरही मला राग आहे, तो आता मी कुठे नेऊन ठेवू ते कळत नाही. त्या असंही म्हणाल्या की बाबा गेल्यावर तुम्ही हे गाणं त्यांच्याकडे बसून ऐकलंत आणि म्हणालात, “त्याला असं कोणी ऐकू नये.” आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलावून बाबांच्या जागी वाजवून घेतलंत. लाज वाटली तुम्हाला. पण त्यांना वाटली नव्हती. लाज वाटणारा माणूस तिसऱ्या फेऱ्यात परत येत नाही. आणि त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतःलाही पुसलंत. एकतीस वर्षांत तुम्ही दुसऱ्यासाठी वाजवलेलं मी तेवढंच ऐकलं.

आता कशासाठी लिहितेय ते सांगते. वारस म्हणून आमची संमती हवी, तो फॉर्म तुम्ही सीडीसोबत पाठवला आहे. आईने तिची सही माझ्यावर सोडली आहे. मी सही केलेली नाही. खोकला, ती बाई, तुमचं ते ‘मी आहे’, सगळं होतं तसं चौथ्या गाण्यात परत घाला, मग फॉर्म मिळेल. नाहीतर तुमचा पहिला अल्बम निघणार नाही, आणखी एकतीस वर्षं थांबा. त्या दुपारी मी तिथे नव्हते. मला जाता येईल असं तेवढंच एक ठिकाण उरलंय, आणि तिथे तुम्ही एका अनोळखी माणसाला उभं केलंत. आई म्हणत होती, पत्र कशाला, फोनवर सांग. फोनवर तुम्ही रडला असतात, आणि मी सही करून टाकली असती.

तुमच्या मित्राची,
त्या दिवशी न आलेली मुलगी